पेवावरची प्रॅक्टिस

बास गिटार वाजवतो म्हटलं की आमच्या कोरेगावकडची माणसं माझ्या वाद्याच्या तारा मोजतात आणि बाकीच्या दोन कुठं गेल्या ते विचारतात. मी सांगतो, चारच असतात. हल्ली पाच आणि सहा तारांचीही मिळतात, पोरं हौसेनं घेतात. पण ज्याला चार तारांवर गाणं उभं करता येत नाही, त्याला सहावी तार देऊन काय होणार? माझी तार नवीही नसते. नवी तार स्टीलच्या वाटीसारखी ठणठणते. बोटांचा घाम पिऊन ती जरा मुकी झाली, की मग ती माझ्या कामाची. बास कानाला कळायचा नसतो, पोटाला कळायचा असतो. मांडवात मागच्या खुर्चीवर बसलेल्या म्हातारीचा पाय आपोआप हलायला लागला आणि तो कशानं हलतोय हे तिला समजलं नाही, की माझं काम झालं.

आमचा ऑर्केस्ट्रा सांगलीतला. यात्रा, गणपती, लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, रिटायर होऊन गावी आलेल्या सुभेदाराचा सत्कार, कुठंही जातो. दुसऱ्यांची गाणी वाजवता, तुमचं स्वतःचं काय, असं विचारणारे भेटतातच. दुसऱ्याचं गाणं नीट वाजवणं हलकं काम आहे असं मला कधी वाटलं नाही. हलकं काम म्हणजे पेनड्राइव्हवरचा ट्रॅक लावायचा आणि त्यापुढं माईक धरून उभं राहायचं. आमच्यात ते चालत नाही. मूळ रेकॉर्डमध्ये कुणी तरी एका दुपारी स्टुडिओत बसून बास वाजवून गेलेला असतो. कॅसेटच्या वेष्टणावर त्याचं नाव नसतं. त्याची बोटं कुठून कुठं गेली असतील, हे मी ऐकून ऐकून शोधतो, आणि एक वेळ अशी येते की माझी बोटं मला न विचारता तिकडं जायला लागतात. गाणारा मेलेला, लिहिणारा मेलेला, वाजवणाराही बहुधा मेलेलाच. आमच्या कार्यक्रमातली निम्मीअधिक गाणी अशी आहेत. समोरची माणसं टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या नक्की कुणाला मिळतात हे मला अजून उमगलेलं नाही.

सोल नावाचं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत असतं हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी पुष्कळ वर्षं मी ते ऐकतच होतो. माझे चुलते फौजेत होते. शांतिसेनेतून आफ्रिकेत जाऊन आले तेव्हा तिथल्या कुण्या परदेशी शिपायानं त्यांना एक कॅसेट दिली होती. तिच्यावरची अक्षरं पुसून गेलेली. आमच्या घरात कुणालाच ती भाषा धड कळत नव्हती. पण एक बाई काही तरी विनवत होती आणि तिच्या मागं तीन-चार जण तिला दुजोरा देत होते, एवढं समजत होतं. बास मात्र खाली जमिनीसारखा. तो पुढं येत नव्हता, मिरवत नव्हता. मधेच एक ठोका तो सोडून द्यायचा, आणि त्या सोडलेल्या जागेत माझा जीव टांगणीला लागायचा. माझं मत विचाराल तर सोल म्हणजे तो न वाजवलेला ठोका. आमच्याकडचे वाजवणारे ती जागा भरून टाकतात. रिकामं काही दिसलं की आपल्याला करमत नाही.

ही मतं आमच्या ऑर्केस्ट्रात एका माणसाला पटायची, ती म्हणजे आमची गायिका. ती आटपाडीकडची, मेंढरं घेऊन मुलखभर हिंडलेल्या घरातली. सांगलीत ब्लाऊज शिवायचं दुकान चालवते. वडिलांच्या ओव्या ऐकत वाढली. एकानं बोलायचं आणि मागच्यांनी ते उचलून धरायचं, ही गोष्ट तिला शिकवावी लागली नव्हती. तिला मी ती कॅसेट ऐकवली तेव्हा तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली की ही बाई आमच्यातलीच दिसते.

ड्रमर दिवसा रिक्षा चालवायचा. त्याच्याच ओळखीनं आम्हाला प्रॅक्टिससाठी हरिपूरच्या वाटेवर एक शेड मिळालं. नदीच्या बाजूला, पत्र्याचं, वर बाभळींची सावली. पूर्वी तिथं हळदीचा धंदा होता. जमिनीवर शहाबादी फरशी घातलेली. शेजारीच मालकाचं घर. मालक म्हणजे सत्तरी उलटलेले, काटकुळे, पांढऱ्या टोपीतले आबा, आणि त्यांची बायको. तिला आम्ही सगळे काकी म्हणायचो. आम्ही दुपारी वाजवायला बसलो की आबा लोखंडी खुर्ची घेऊन दाराशी बसत. गाणं सुरू असताना माणूस गाणाऱ्याकडं बघतो. आबा फरशीकडं बघत. आम्हाला वाटलं, म्हातारा गाण्याचा दर्दी आहे.

मिरजेच्या एका सुताराकडून मी माझ्या स्पीकरसाठी जाड लाकडाचं खोकं करून घेतलं होतं. ते मी भिंतीलगत फरशीवर ठेवलं. पहिल्याच दिवसापासून त्यात घूं असा आवाज येऊ लागला. अशा वेळी बासवाल्याचा पहिला संशय वायरवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. मी वायर बदलली. मग अर्थिंग तपासलं. मग पंख्याची लाईन वेगळी केली. विजेचा स्वतःचा एक सूर असतो, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की ऐकू येतो तो. बासच्या जाड तारेवर, दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीत जी नावाचा स्वर मिळतो, वीज जवळपास त्याच स्वरात घुमते. म्हणून मी बिनघोर होतो. जी वाजवला की घूं वाढतो, म्हणजे विजेचाच दोष, असं मी सगळ्यांना सांगितलं.

 मग एका दुपारी गायिका अंतरा अर्ध्यावर सोडून थांबली आणि विचारलं, "मागं झील कोण वडतंय?"

मागून सूर धरणारं कुणीच नव्हतं. कीबोर्डवाल्यानं हात वर करून दाखवले. ती म्हणाली की सूर बासचाच आहे, पण तो बासच्या मागून येतोय. मी थांबल्यावर तो थांबत नाही, थोडा रेंगाळतो. मी म्हटलं, शेड पत्र्याचं आहे, घुमणारच. तिला ते पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. फक्त उभं राहायची जागा बदलली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भर गाण्यात लाईट गेली. पंखा हळूहळू थांबला, कीबोर्ड मुका झाला, माझ्या स्पीकरचा लाल दिवा विझला. ड्रमरनं काठ्या खाली घेतल्या. मी तारांवर तळहात ठेवला. आणि तो सूर चालूच होता. कुठून येतोय हे सांगता येत नव्हतं. तळपायाला कळत होता, खुर्चीच्या पायाला हात लावला की हाताला कळत होता. मग तो जसा माणूस दाराआड निघून जावा तसा निघून गेला.

 दाराशी आबा उठून उभे होते. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो, त्यात भीती अजिबात नव्हती. लाईट येईपर्यंत थांबायचं सोडून जायला निघालो आम्ही, तर ते म्हणाले, "बंद करू नगा. लाईट आली की वाजवा तेवढंच."

मी विचारलं, तेवढंच म्हणजे काय?  काकी चहा घेऊन आल्या होत्या. त्या कपबश्या ठेवत म्हणाल्या की आता सांगा त्यांना, परकी माणसं हाईत, भ्याली बिचारी.

मग आबांनी सांगितलं. आमच्या फरशीखाली पेव होतं. सांगलीत ज्याला हळद ठाऊक आहे त्याला पेव सांगायला नको. पण आमचा कीबोर्डवाला बाहेरचा, त्याच्यासाठी आबांनी हातानं आकार करून दाखवला. रांजणासारखा खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, माणूसभर नव्हे तर माणसं एकावर एक उभी केली तरी बुडतील एवढं खोल. आतून उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची. पेव उघडताना मात्र जपावं लागे. तोंड मोकळं करून बराच वेळ जाऊ द्यायचा, मग कंदील सोडून तो विझत नाही ना ते बघायचं, मग माणूस दोरानं उतरायचा. उतरलेल्या माणसानं सारखा हुंकार देत राहायचं. वरच्यानं तो ऐकत दोर धरून बसायचं. हुंकार चालू आहे तोवर माणूस ठीक आहे. थांबला की ओढायचं.

आबांचे थोरले भाऊ तसे उतरले होते. दोर आबांच्या हातात होता. तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. वरून ते ऐकत होते, आणि खालून हुंकार येत होता, एका सुरात, न तुटता. बराच वेळ झाला म्हणून वडील आले, त्यांनी दोर हिसकून ओढला, तर खालून मढं आलं. अंग गार पडलं होतं.

 आबा बशीतला चहा प्यायले. मग म्हणाले, "दादा कवाच गेल्ता. पर हुंकार चालू व्हता. मला ऐकू येत व्हता, म्हणून म्या दोर वडला न्हाई."

गायिकेनं पदर तोंडाशी धरला. ड्रमर चाचरत म्हणाला की भावाला नंतर नीट अग्नी दिला ना, सगळं रीतसर केलं ना. त्याच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं. काकी म्हणाल्या, व्हय की, नदीवरच दिला, दिवसपाणी सगळं झालं.

"मढं काढलं," आबा म्हणाले. "आवाज कुठं काढला? त्यो खालीच ऱ्हायला."

पुढं महापुरात गावातली बरीच पेवं गेली. राहिलेली लोकांनी बुजवली किंवा वरून फरशी घालून टाकली. आबांच्या वडिलांनी बुजवायचं काढलं तेव्हा आबांनी बुजवू दिलं नाही. वर फरशी आली. त्यानंतर इतकी वर्षं खालून काही ऐकू आलं नव्हतं. आमचं सामान आलं आणि माझा जी लागला तेव्हा पहिल्यांदा आलं. म्हणून ते रोज खुर्ची घेऊन बसत होते.

परत जाताना रिक्षात मी सगळ्यांना समजावलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की सूर निघतो, तसंच हे. प्रत्येक पोकळीचा एक सूर असतो. या पेवाचा सूर जी आहे. भाऊ वारला तेव्हाही त्याच्या हुंकारानं पेव घुमलं असेल, वरून वारा लागून घुमत राहिलं असेल. ड्रमरला हे ऐकून बरं वाटलं. मलाही बोलताना बरं वाटलं. गायिका बाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली की बाटलीत कुणी मेलेलं नसतं.

दुसरी जागा शोधायची असं ठरलं, पण गणपतीचा सीझन तोंडावर होता आणि एवढी मोकळी जागा मिळेना. आम्ही तिथंच वाजवत राहिलो. मी जी टाळून बघितला. आमची अर्धी गाणी त्या सुरावरून जातात, तरी मी एक पट्टी वर खाली करून चालवलं. त्या दिवशी आबांनी गाणं संपेपर्यंत वाट बघितली, आणि मग उठून माझ्याजवळ आले. त्यांनी काही मागितलं नाही. माझ्या डाव्या हाताकडं, त्या तिसऱ्या पट्टीकडं बोट दाखवलं आणि उभे राहिले. मला नाही म्हणता आलं नाही. मी वाजवला. खालून आला. आबांनी मान डोलावली, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "हाय."

एकदा वायर जोडायची होती म्हणून मी दुपारी एकटाच लवकर गेलो. शेडमध्ये ऊन पत्र्याच्या भोकांतून फरशीवर पडलं होतं. मेन स्विच बंद, बास अजून पिशवीत. मी वायर सोलायला खाली बसलो, आणि बसल्या बसल्या मला पायात तो सूर कळला. मी फरशीला कान लावला. फार बारीक, पण होता. नदीवरचा पंप असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं, पंप बंद होता. परत येऊन कान लावला. सूर सलग नव्हता. मधेमधे थांबत होता. माणूस श्वास घ्यायला थांबतो, तेवढाच. मी वायर तशीच टाकून बाभळीखाली जाऊन उभा राहिलो, बाकीचे येईपर्यंत. कुणाला सांगितलं नाही. बाटलीचं उदाहरण त्यानंतर मी पुन्हा दिलं नाही.

पावसाळा चढला. नदी रोज थोडी थोडी वर यायला लागली. सांगलीतली माणसं त्या दिवसांत सकाळी उठून पुलाखालचं पाणी विचारतात, तसं आम्हीही विचारत होतो. आणि त्याच आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की जी वाजवला तर आता खालून पूर्वीसारखं उत्तर येत नाही. क्षीण येतं. मला वाटलं, सुटलो. मग एका गाण्यात बोट चुकून जरा वर सरकलं, आणि फरशी घुमली. सूर सरकला होता. जीच्या वर, चौथ्या पट्टीकडं गेला होता. चार दिवसांनी तो आणखी वर होता.

हे मी आबांसमोर बोलायला नको होतं. पण ते माझ्या शेजारीच उभे होते, आणि मी ड्रमरला सांगत होतो की सूर चढत चाललाय. आबांनी माझा दंड धरला. त्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

"चढतोय म्हंजे?"

मी सांगितलं, पहिल्यापेक्षा वरचा सूर झालाय.

त्यांनी वाकून फरशीवर तळहात ठेवला. मग म्हणाले, "वर याय लागलाय."

मी त्यांना खाली बसवलं आणि माझ्या परीनं समजावलं. नदीचं पाणी जमिनीतून झिरपून पेवात भरत असणार. पोकळी लहान झाली की सूर चढतो. घागर भरत आली की तिचा आवाज चढत जातो, तसंच. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना पाण्याचं पटलं होतं. ते म्हणाले, व्हय, पाणीच वर आणत असेल त्याला, दोर तर न्हाई.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक खाट आली. तिच्यावर धुतलेला सदरा, टॉवेल, आणि शेजारी पाण्याचा तांब्या, वर फुलपात्र पालथं घातलेलं. सदरा जुन्या धाटणीचा, तरण्या माणसाच्या मापाचा होता. आम्ही खाटेला वळसा घालून वाजवायला बसलो. गायिकेला त्या दिवशी सूर लागेना. तिनं सांगितलं की ती उद्यापासून येणार नाही, कार्यक्रमाला थेट येईल.

निघताना काकींनी मला दाराबाहेर गाठलं. आबा दोन दिवस जेवले नव्हते. दोन पानं वाढायला सांगत, आणि दुसऱ्या पानावर कुणी बसलं नाही म्हणून स्वतःच्या पानाला हात लावत नसत. काकी रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "तुमी हितनं सामान हलवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाजवण्यानं त्यो वर येतोय का न्हाई मला ठाव न्हाई. पर ह्यो मानूस खाली चाललाय."

आम्ही टेम्पो ठरवला. पाणी बाभळींच्या बुंध्यापर्यंत आलं होतं, तसंही हलवावंच लागणार होतं. सकाळच्या वेळी ड्रमर आणि कीबोर्डवाला पहिली खेप घेऊन गेले. मी माझ्या स्पीकरसाठी मागं राहिलो. आबा खाटेवर टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, जायच्या आधी एकदा. मी म्हटलं, आबा, नको आता. ते म्हणाले, तुमी गेल्यावर मला कसं कळायचं, कुठवर आलाय ते?

मी बास जोडला. खरं सांगायचं तर मलाही ऐकायचं होतं. मी जीपासून एकेक पट्टी वर जात गेलो. काहीच आलं नाही. पाचव्या पट्टीवर, ए वर, आलं. आणि ते पूर्वीसारखं मागून नाही आलं. माझ्याबरोबरच आलं, माझ्याइतकंच मोठं. तांब्यावरचं फुलपात्र थरथरून वाजायला लागलं. मी तार दाबून धरली, तरी सूर वाढतच गेला. फरशीच्या सांध्यांतून पिवळट पाणी वर आलं, आधी रेघेसारखं, मग फरशीभर. आबा उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं करून, वर येणाऱ्या माणसाला आधार द्यावा तसे, खाली वाकले.

मी वायर उपटली आणि त्यांना कमरेला धरून मागं खेचलं. आम्ही दोघं दारात पडलो. शेडच्या मधोमधची फरशी आत गेली. मोठा आवाज झाला नाही, घास गिळावा तसा झाला. खाट गेली, माझं मिरजेचं खोकं गेलं, सदरा जाताना क्षणभर पाण्यावर बाह्या पसरून राहिला. मग पाणी गोल फिरून शांत झालं. कच्च्या हळदीचा वास सुटला, इतक्या वर्षांनंतरही तो ताजा होता.

आबा रांगत कडेपर्यंत गेले. मी त्यांच्या अंगातला सदरा मुठीत धरून ठेवला होता. त्यांनी खाली बघून एकदाच हाक मारली, "दादा." मग कान देऊन बसले. मीही ऐकत होतो. पाणी हलतही नव्हतं. तेवढ्यात मला जाणवलं, माझ्या गळ्यात अजून बास लटकतोय आणि त्याची जाड तार हलतेय. वायर कुठंही जोडलेली नाही, माझा हात तारेपासून लांब. मी तिच्यावर तळहात ठेवला. माशीला मुठीत धरावं तशी ती काही वेळ हाताखाली थरथरत राहिली, आणि मग थांबली.

काकी धावत आल्या, टेम्पो आला, आणि आम्ही त्या दोघांनाही टेम्पोत घालून सांगलीत त्यांच्या लेकीकडं पोचवलं.  त्याच दिवशी संध्याकाळी शेडात नदी शिरली.

पूर ओसरल्यावर पेवात मुरूम टाकून ते बुजवलं. आबा स्वतः उभे होते म्हणतात, हरकत घेतली नाही. आम्हाला मार्केट यार्डाच्या बाजूला एका इमारतीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मी नवा स्पीकर घेतला, तयार, कंपनीचा. त्याचा आवाज चांगला आहे आणि मला त्यात काही दोष काढता येत नाही. पण जुन्या खोक्याचा आवाज खोलीत यायचा, याचा फक्त स्पीकरात येतो. गायिका पुन्हा यायला लागली. गणपती झाल्यावर आम्ही दोघांनी एक वेगळं काम हातात घेतलं. तिच्या वडिलांच्या ओव्या, तिच्याच आवाजात, आणि खाली मी, त्या पुसलेल्या कॅसेटवरून शिकलो तसा, एक ठोका सोडून. त्याला काय म्हणायचं हे आम्हाला माहीत नाही. ऐकणाऱ्यांनीही अजून विचारलेलं नाही.

तिच्या गावच्या यात्रेत ते पहिल्यांदा करायचं ठरलं. निघायच्या सकाळी काकींचा फोन आला, आबांना यायचंय. लेकीच्या घरात त्यांचा जीव रमत नव्हता. टेम्पोत मागं गादी टाकून आम्ही दोघांना बसवलं. गायिका आणि मी पुढं, चालवणाऱ्याशेजारी. ऊस संपला, माळ लागला, ऊन चढलं. मागून बारीक आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, टेम्पोच्या पत्र्याचा. गायिकेनं माझ्याकडं पाहिलं. आबा तोंड मिटून एका सुरात हुंकार देत होते. मी मनातल्या मनात पट्टी शोधली. सूर ए होता, माझ्यापेक्षा वरच्या सप्तकातला, पण स्वर तोच.

काकींनी मधल्या खिडकीतून सांगितलं की पुरानंतर हे सुरू झालंय. जेवताना, बसल्यावर, झोपेतसुद्धा. डॉक्टरला दाखवलं, त्याला काही सापडलं नाही. त्यांना त्याचा त्रास नव्हता. उलट बरं वाटायचं. "रातीला जाग आली की ऐकते," त्या म्हणाल्या. "चालू हाय म्हटल्यावर झोपते पुन्हा."

 गायिकेनं माझा हात घट्ट धरला. आम्ही घाट चढेपर्यंत तो सूर एकसारखा येत होता, आणि मी मागं वळून आबांच्या छातीकडं बघत होतो, ती हलतेय की नाही ते. हलत होती. यात्रेच्या माळावर पोचलो तेव्हा ते आमच्याआधी उतरले, टोपी झटकली आणि माझा स्पीकर उतरवायला हात लावला. मी त्यांना सावलीत बसवलं. समोर घोंगड्या अंथरून माणसं जमत होती. गायिकेनं चपला काढून ठेवल्या, माईक हातात घेतला, आणि मी जाड तार सुरात लावायला लागलो.